चार शेळ्यांत नळदुर्ग

हैदराबाद-पुणे बस नळदुर्गला बंद पडली ती पडलीच. कंडक्टर म्हणाला, "दोन तास." मे महिना, भर दुपार, आणि भुवनेश्वरीच्या पर्समध्ये तीन वर्षांचं काम, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या बाटलीत. उद्या दहाला ते पुण्याच्या मशीनवर वाचायचं. चुकलं, तर पुढची पाळी सहा महिन्यांनी... प्रबंध तिथंच लटकणार.

रस्त्यापलीकडं पाटी: पशुवैद्यकीय दवाखाना.

"फ्रिज आहे का हो?"

"आहे की. पेशंट कुठाय?"

विचारणारा धनाजी, तिथला पशुधन पर्यवेक्षक. बाह्या दुमडलेल्या, केसांत कडबा, आणि हसू असं, की आपण काय विचारलं तेच तिला क्षणभर आठवेना.

"पेशंट नाही. किल्ला आहे. तुमचाच. नकाशे, फोटो, सगळं या बाटलीत."

"बुरूज मावले?"

"मावले. फाइल म्हणजे शून्य आणि एक. ते आम्ही डीएनएच्या चार अक्षरांत लिहितो, तसा रेणू बनवतो, वाळवतो. जपला तर हजार वर्षं टिकतो."

"मग दोन तासांच्या उन्हाला का भिता?"

"बाटली एकच आहे म्हणून!"

"लई नाजूक किल्ला," म्हणत त्यानं ती लशीच्या बाटल्यांशेजारी ठेवली. तेवढ्यात मथुराबाई सात शेळ्या घेऊन लस टोचायला आल्या.

शेळी पहिली. काळी. भुवनेश्वरीनं कान धरले.
"घट्ट धरा. लाजू नका."
"लाजतंय कोण?"

शेळी दुसरी. तीही काळी. त्याची बोटं तिच्या बोटांवरून गेली... चुकून.

शेळी तिसरी. पुन्हा बोटं. चुकून न्हाय.
"पुण्यात कुणी आहे?"
"मशीन आहे."
"बरं झालं."

शेळी चौथी —

चौथीला तिला टेबलावरची बाटली दिसली. लेबल तिच्याच अक्षरातलं.

तिच्या बाटलीच्या तळाला पांढरा चुरा होता. लशीच्या बाटलीतही तस्साच असतो. लसच समजून त्यानं त्यात पाणी घातलं होतं, हलवलं होतं, सुईत ओढलं होतं...

"काय टोचलंस रं माझ्या शेळ्यांस्नी?" मथुराबाई कडाडल्या.

"किल्ला," धनाजी म्हणाला. पांढराफटक.

"त्यांना काही होत नाही, मावशी," भुवनेश्वरी रडकुंडीला आली. "माझंच सगळं..."

तिनं बाटली उजेडात धरली. रिकामी. नाही — काचेला ओल होती. थेंबही नव्हे, नुसती ओल.

"टोपण! टोपण लावा लवकर!"

"आता काय राहिलंय त्यात?"

"अहो, याच्या प्रती निघतात! एकाचे दोन, दोनाचे चार... काही तासांत कोटी! ओलसुद्धा पुरेल!" ती उड्याच मारत होती. त्याचा दंड धरून. लक्षात आलं तसा सोडला. "पण नमुना कसा संपला, ते लेखी द्या. खरं खरं. त्याशिवाय पुण्याचे सर याला हात लावायचे नाहीत."

धनाजी कागदासमोर बसला. घामाघूम. बसनं हॉर्न दिला तेव्हा कुठं घडी तिच्या हातात आली.

तिनं ती सोलापूरच्या पुढं उघडली.

*निवेदन. फ्रिजमध्ये लाइट होता. लेबल स्वच्छ होतं. मला चष्मा न्हाय. बाटली काढताना माझं लक्ष बाईंकडं होतं. पाणी घालताना बाईंकडं होतं. सुई भरताना पण. सातही शेळ्यांना नंतर खरी लस दिली, तेव्हाही. चूक पूर्ण माझी. हे लिहिताना पण तीच चालू आहे.*

हे सरांना द्यायचं? बसमध्ये एकटीच हसत, लाल होत, तिनं ते पाचदा वाचलं. आणि दिलं.

रात्रीतून प्रती निघाल्या. दहाला मशीन सुरू. चारला पडद्यावर तटबंदी उमटली. मग बुरूज. एक कोपरा रिकामा... दुसऱ्या प्रतींनी तोही भरला!

तिनं निवेदनाखालच्या नंबरावर फोन लावला.

"उघडला! आख्खा!"

पलीकडून अशी आरोळी, की कुठली तरी म्हैस हंबरली.

"सरांनी तुमचं निवेदन वाचलं. सगळ्यांसमोर. मोठ्यानं."

"आयला... काय म्हणले?"

"म्हणाले, कारण पटण्यासारखं आहे."

"आणि... तुम्हाला?"

 

"शनिवारी हैदराबादला परत निघतेय," ती म्हणाली. "पण ती गाडी नळदुर्गला थांबत नाही."

"मग?"

"मग काय... थांबवायला सांगेन. माझं माणूस राहतं म्हणेन इथं."