पंधरा नंबरचा आवाज

"ही बॅग गडावर जाणार?"

आसनगाव स्टेशनबाहेर, सकाळी साडेसहाला, त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही. माझी बॅग त्यानं एका हातानं उचलून तोलली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी घरचं कपाटच घेऊन आले होते.

"माझी बॅग आहे. मी उचलीन," मी म्हटलं.

"आत्ता म्हणशील. दोन तासांनी म्हणशील, दादा, जरा धर ना."

"दादा तर मुळीच म्हणणार नाही!" मी फटकन बोलले... आणि माझेच कान गरम झाले. तो हसला. उजव्या गालावर छोटीशी खळी पडली. मी ती पाहिली नाही असं दाखवलं.

खरं सांगायचं तर मला डोंगराची काडीची हौस नव्हती. ठाकुर्लीच्या आमच्या घरात रविवारी दहापर्यंत लोळणं हाच माझा एकमेव मैदानी खेळ. पण माझ्या मावसबहिणीनं, अठरा वर्षांच्या सान्वीनं, माहुली गडाचा ट्रेक ठरवला आणि मावशीनं मला गळ घातली. "ऋजुता, तू सोबत असलीस की मला घोर नाही गं." झालं. घोर माझ्या गळ्यात.

पायथ्याला गोदामावशींची चहाची टपरी होती. तिथे त्यानं, म्हणजे महेंद्रनं, माझी बॅग उघडायला लावली. चादर, छत्री, दोन टॉवेल, स्टीलचा चार पुडांचा डबा.

"डब्यात काय?"

"पुरणपोळ्या. आईनं दिल्यात."

"पोळ्या घे. डबा मावशींकडे राहू दे," म्हणत त्यानं निम्मं सामान बाहेर काढलं. मग बॅग माझ्या पाठीवर चढवली आणि कमरेचा पट्टा आवळायला दिला. "अजून. अजून घट्ट. ओझं खांद्यावर घेतलंस तर रडशील. कमरेवर घे."

मी पट्टा ओढला. ओझं खरंच कुठेतरी गेलं. मी आश्चर्यानं वर पाहिलं, तर तो माझ्याचकडे पाहत होता. दोघांनीही घाईघाईनं गडाकडे नजर वळवली.

निघण्याआधी ट्रेकिंग ग्रुपचे लीडर सलिलदादा यांनी सगळ्यांना नंबर दिले. मी चौदा, सान्वी पंधरा, आणि सगळ्यांच्या मागून चालणारा महेंद्र अठरा. प्रत्येक थांब्यावर एकापासून ओळीनं नंबर पुकारायचे.

"नियम एकच," महेंद्र म्हणाला. "नंबर स्वतःचा स्वतः द्यायचा. सतरा ऐकल्याशिवाय मी अठरा म्हणत नाही, आणि मी अठरा म्हटल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही."

"शाळेतल्यासारखं?"

"शाळेतच शिकवतो मी. कल्याणला, पीटी. साठ पोरं नुसत्या आवाजावरून ओळखतो."

मला हसू आलं. कारण कॉलेजात चार मैत्रिणींची हजेरी मी चार वेगवेगळ्या आवाजांत द्यायचे. तीन वर्षांत एकदाही पकडली गेले नव्हते.

पहिला तासभर मी मनातल्या मनात मावशीला शिव्या घातल्या. छाती भात्यासारखी चालत होती. मग कधीतरी जंगल दाट झालं, गप्पा आपोआप थांबल्या आणि मला माझ्याच पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. ओल्या मातीचा वास, कातळावर सोनकीची पिवळी फुलं, आणि मागून मधूनमधून त्याचं हळूच, "छान चाललीयेस." गडावर पोचले तेव्हा ढग माझ्या पायांखाली होते. तिथे मी काहीही कारण नसताना रडले. इतकी वर्षं घरच्या खिडकीतून मी असेच डोंगर लांबून बघत होते, आणि आत कोणी जाऊ शकतं हे मला सुचलंच नव्हतं.

"होतं असं," महेंद्र शेजारी बसत म्हणाला. "मी तर पहिल्यांदा आलेलो तेव्हा घरीच जात नव्हतो. आई आंबिवलीहून शोधायला यायची बाकी होती." त्यानं अर्धी पुरणपोळी तोडून मला दिली. माझीच पोळी, मलाच!

उतरताना घात झाला.

कड्यावरच्या लोखंडी शिडीच्या तोंडाशी सगळे थांबलो, तेवढ्यात ढग उतरला. हातभरावरचा माणूस दिसेना. परतीचा पाऊस टपटपायला लागला. सान्वी मघाशी कानात कुजबुजली होती, "ताई, गडाच्या त्या पडक्या दरवाजात एक रील काढून दोन मिनिटांत येते हं." ती अजून आली नव्हती. नंबर सुरू झाले.

"बारा." "तेरा."

"चौदा," मी म्हटलं.

आणि मग... तिला ओरडा बसू नये म्हणून, येईलच आता म्हणून, जुन्या सवयीनं म्हणून, सान्वीच्या बारीक, नाकातल्या आवाजात मी म्हटलं, "पंधरा."

"सोळा." "सतरा." धुक्यातून त्याचा शांत आवाज आला, "अठरा." आम्ही शिडी उतरलो. मी सारखी मागे वळून पाहत होते, धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. आता सांगू, पुढच्या वळणावर सांगू असं करत वळणं संपत गेली.

खालच्या सपाटीवर पुन्हा नंबर झाले. चौदानंतर शांतता. पाऊस तेवढा वाजत होता.

"सान्वी?" सलिलदादा ओरडले. "महेंद्र, तू मागे होतास ना रे!"

महेंद्रचा चेहरा पांढरा पडला. "शिडीवर पंधरा ऐकलाय मी. माझ्या कानांनी. म्हणजे ती शिडी उतरलीय. मधेच वाट चुकून घळीकडे गेली असणार."

"घळीत पाणी वाढलंय, अरे!"

पण त्यानं दोर खांद्यावर टाकला आणि निघालासुद्धा.

मी उभीच राहिले. सांगितलं तर सगळ्यांसमोर माझी काय शोभा, मावशीला काय तोंड दाखवू... असले भिकार विचार आले, खोटं कशाला बोलू? मग घळीतून दगड गडगडल्याचा आवाज आला. तो माझ्या खोट्या आवाजामागे त्या पाण्यात उतरत होता, आणि सान्वी वर एकटी होती. मी धावत सुटले.

"महेंद्र! थांब! ती तिकडे नाहीये!"

घळीच्या काठावर, गुडघाभर पाण्यात उतरलेला तो वळला.

"ती वरच आहे. दरवाजात. शिडीवर... तिचा नंबर मी दिला."

"शक्य नाही. तिचा आवाज होता."

मी ओठ चावला. मग त्याच्या डोळ्यांत बघत, सान्वीच्या आवाजात म्हटलं, "पंधरा."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. इतक्या दुखावल्या नजरेनं कोणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो पाण्यातून वर आला आणि म्हणाला, "चल."

घसरत, धडपडत आम्ही शिडीपाशी पोचलो. लोखंड बर्फासारखं गार. "फक्त माझ्या टाचांकडे बघ," तो वरून म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, पण प्रत्येक पायरीवर तो माझ्यासाठी थांबत होता. वर धुक्यात दरवाजा सापडेना. पाच मिनिटं हाका मारल्या. दहा. उत्तर नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते त्यालाच माहीत.

मग पडक्या दरवाजामागून रडका आवाज आला, "ताई गं..."

पाय मुरगळून सान्वी तिथेच बसली होती. "मी किती ओरडले, सगळे निघूनच गेलात गं!" मी तिला कवटाळलं. महेंद्रनं तिचा घोटा बांधला, तिला पाठीवर घेतलं आणि आम्ही उतरलो.

खाली सलिलदादांनी विचारलं, "नंबर चुकला कसा?"

"माझ्याकडून चुकला," महेंद्र म्हणाला. मी तोंड उघडलं, त्यानं हलकेच मान हलवली... आणि मी पुन्हा गप्प बसले. त्या दिवसातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कोणती विचाराल, तर ही.

आठवड्यानं ग्रुपवर सलिलदादांचा मेसेज आला. यापुढे सगळ्यात मागे महेंद्रऐवजी शौनक चालेल. बाकी काही नाही. महेंद्रनं खाली नुसता अंगठा टाकला होता. ते अंगठ्याचं चित्र बघून मला जेवण जाईना. मी सगळं लिहिलं, माझा आवाज, माझी लाज, त्यानं अंगावर घेतलेली चूक, सगळं. आणि पाठवून दिलं. मावशी माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. सलिलदादांनी महेंद्रला त्याची जागा परत दिली आणि मला सहा महिने ग्रुपबंदी. ठीकच होतं ते. फक्त महेंद्रकडून काहीच आलं नाही. मी मात्र रोज खिडकीतून डोंगर बघत होते, आणि नुसते डोंगरच बघतेय अशी स्वतःची समजूत घालत होते.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी बेल वाजली. दारात तो उभा, हातात आमचा चार पुडांचा डबा.

"गोदामावशींनी दिलाय. म्हणाल्या, रिकामा परत करू नये. चिवडा आहे."

"फक्त... डब्यासाठी आलास?"

"नाही." तो जमिनीकडे बघत राहिला. "राग होता. तू नंबर दिलास त्याचा कमी, मी ओळखला नाही त्याचा जास्त. साठ पोरांचे आवाज ओळखतो मी. आणि त्या दिवशी सकाळपासून माझं सगळं लक्ष ज्या आवाजाकडे होतं, तोच ओळखायला चुकलो."

आतून आईनं "कोण आहे गं?" विचारलं. मी बाहेर येऊन दार मागे लोटून घेतलं.

"मला तर सहा महिने बंदी आहे," मी कशीबशी म्हणाले.

"ग्रुपच्या ट्रेकला. दोघं गेले तर ग्रुप होतो का?"

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा माहुलीवर होतो. आकाश लख्ख. बॅग हलकी, पट्टा कमरेवर. शिडीच्या तोंडाशी तो थांबला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "एक."

मी कमरेचा पट्टा उगाच पुन्हा आवळला.

"ऋजुता, नियम आहे. ऐकल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही."

"फक्त शिडी उतरण्यापुरतंच विचारतोयस... की?"

त्याच्या गालावरची खळी हळूच उमटली आणि विरली. "की," तो म्हणाला. "पुढचे सगळे डोंगर. पण नीट बघून सांग. घाई नाही."

वारा होता. माझा आवाज फाटका, घोगरा निघाला. कॉलेजातल्या त्या चौघींतल्या कुठल्याच मैत्रिणीचा नव्हता तो.

"दोन."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. "हा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला.