कॅप्टनबाईंची फेरी

वजनाचा कागद घेऊन तो धावत आला आणि विमानाच्या पुढच्या चाकापाशी वाकलेल्या कॅप्टनबाईंवर जवळजवळ आदळलाच.

"अहो, जपून! मी आडवी झाले तर विमान कोण नेईल?"

तो ओशाळला. कुठल्या कप्प्यात किती सामान ते लिहून देणं त्याचं काम. तपासून सही करणं तिचं. उड्डाणाआधी ती विमानाभोवती स्वतः एक फेरी मारायची, चाकावर हात ठेवायची, मगच वर चढायची.

सही करता करता ती थांबली. "पेट्या पुढच्या कप्प्यात लिहिल्यात. मग विमानाचं नाक एवढं वर कसं?"

कप्पे उघडले. पेट्या सगळ्या मागे! ऐनवेळी जागा बदलली होती आणि त्यानं न बघताच लिहिलं होतं. आता नोकरी जाणार...

मॅनेजर तणतणत आला. "मॅडम, एवढ्यानं काय होतंय? दीडशे माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. त्यांना सुखरूप पोचवायचं माझ्यावर आहे. उशिराचा जाब मला विचारा."

तिचा आवाज जराही चढला नाही, पण मॅनेजर आल्या पावली परतला.

"चूक माझी आहे, मी न बघता लिहिलं," तो कसाबसा म्हणाला.

"अहवालात लिहावीच लागेल. पण... विचारायच्या आत कबूल केलीत, हेही लिहीन."

महिनाभर त्याला पुन्हा शिकायला बसवलं. नोकरी वाचली, मन मात्र त्या चाकापाशीच राहिलं. परतल्यावर तिच्या विमानाचा कागद तोच नेऊ लागला. ती रोज ओळन्ओळ तपासायची.

"अजून भरवसा नाही?"

"आहे हो. पण सही माझी असते ना!"

एका सकाळी ती म्हणाली, "सोमवारपासून मी दुसऱ्या मार्गावर."

"मग... लग्न कराल माझ्याशी?" तो एका दमात बोलून गेला.

टोपी काखेत धरून तिनं त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारली. बूट पाहिले, कॉलर पाहिली. मग खांद्यावर हात ठेवला — चाकावर ठेवायची तसाच.

"बाहीचं बटण तुटलंय."

"आणि?"

"बाकी... निघायला हरकत नाही." गालातलं हसू तिनं आवरलं. "कागद द्या आधी. माणसं वाट बघताहेत."

तिनं ओळन्ओळ वाचली, सही केली. जिन्यावरून वळून म्हणाली, "संध्याकाळी उतरते. सुईदोरा तुम्ही आणा."

त्या दिवशी संध्याकाळ व्हायला फार वेळ लागला.