न उघडणारी फाइल आणि बोडीचं पाणी

"ही फाइल खराब झाली आहे. पुसून टाकू का?" जलप्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही!" कस्तुरी ओरडली. "हात लावू नकोस तिला."

ही २०५१ सालची गोष्ट. कस्तुरी धुर्वे बारा वर्षांची होती. भंडारा जिल्ह्यातल्या तिच्या गावाला एक बोडी (पावसाचं पाणी साठवणारा छोटा तलाव) होती. तिच्यावर गावाची शेती चालायची, त्यातलेच मासे लोक खायचे. दोन वर्षांपासून मासे मरू लागले. तपासणीत पाण्यात क्रोमियम हा विषारी धातू सापडला. बोडीच्या वरच्या अंगाला धातूंना क्रोमियमचा मुलामा देणारा कारखाना होता आणि त्याचं सांडपाणी बोडीकडेच वाहत यायचं. पण कारखान्याचे लोक म्हणाले, "हे विष इथल्या खडकातच आहे. पाणी पहिल्यापासून असंच आहे." मग कुणीतरी सुचवलं, बोडी बुजवून टाकू आणि वर गोदाम बांधू. शनिवारी त्यावर सुनावणी होती.

कस्तुरीचे आजोबा, डॉ. मनोहर धुर्वे, जिल्ह्याच्या जलप्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. कारखाना सुरू व्हायच्या कितीतरी आधी, २०२४ साली, त्यांनी स्वतः या बोडीचं पाणी तपासलं होतं. त्या नोंदी प्रयोगशाळेच्या संगणकात होत्या. पण नवं सॉफ्टवेअर त्या उघडायला तयार नव्हतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख निंबाळकर सर दारातूनच म्हणाले, "धुर्वेसाहेब, आज गुरुवार. जी फाइल उघडत नाही, ती सुनावणीत नसल्यासारखीच. नातीला उगाच आशा लावू नका."

सर गेले. आजोबा खाली मान घालून बसले. कस्तुरीला राग आला, सरांचा आणि आजोबांच्या खचण्याचाही.

"आजोबा, फाइल खराब झालीय हे यंत्रमानव म्हणतोय. पडद्यावर तसं कुठे लिहिलंय? बघा ना." तिने मोठ्याने वाचलं, "उपकरणाचा ड्रायव्हर सापडला नाही."

आजोबांनी चष्मा वर केला. "पुन्हा वाच."

"उपकरणाचा ड्रायव्हर सापडला नाही. पण ड्रायव्हर म्हणजे काय? गाडी चालवणारा?"

"दुभाषा समज," आजोबा सावरून बसले. "प्रत्येक यंत्राची स्वतःची बोली असते. संगणकाला ती कळत नाही. त्या दोघांच्या मध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. ही नोंद केली ते यंत्र जुनं होतं. फाइल उघडताना सॉफ्टवेअर आधी त्या यंत्राच्या दुभाष्याला हाक मारतंय आणि कुणी ओ देत नाही."

"म्हणजे आतली माहिती शाबूत असेल?"

"असू शकते."

"मग आपण हार का मानायची?"

आजोबा पहिल्यांदा हसले. "आधी फाइलची प्रत काढ. जे काही करायचं ते प्रतीवर. मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे."

प्रत काढून कस्तुरीने ती साध्या मजकूर-वाचकात उघडली. पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिखल पसरला. पण अगदी वरच्या ओळींमध्ये वाचता येणारे काही शब्द होते: यंत्राचं नाव, तारीख आणि ड्रायव्हरची आवृत्ती, ४.२.

"फाइल स्वतःच सांगतेय तिला कोण हवंय!" कस्तुरी म्हणाली.

यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कस्तुरीने जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या लोकांच्या ऑनलाइन मंडळावर विचारणा टाकली. दोन तासांनी सांगलीहून रझिया मुलाणी नावाच्या निवृत्त तंत्रज्ञ बाईंचा फोन आला.

"बाळ, ४.२ आहे माझ्याकडे. त्याच्याबरोबरचं जुनं सॉफ्टवेअरही आहे. लोक मला म्हणायचे, हा कचरा कशाला जपता? पाठवते. पण नव्या संगणकावर ते सरळ चालायचं नाही, एवढं लक्षात ठेव."

आणि तसंच झालं. ड्रायव्हर बसवल्यावर नवा संदेश आला: "हा ड्रायव्हर या प्रणालीवर चालत नाही."

"परत अडलं," आजोबा म्हणाले.

"पण चूक बदलली ना!" कस्तुरी म्हणाली. "आधी दुभाषा सापडत नव्हता. आता सापडलाय, पण त्याला इथे काम करता येत नाही. आपण एक पायरी पुढे आलोय."

रझियाबाईंनी फोनवर कारण सांगितलं. जुना ड्रायव्हर बत्तीस बिटांच्या (बिट म्हणजे शून्य किंवा एक, संगणकाच्या माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा) काळातला होता. तो माहितीचे पत्ते बत्तीस बिटांत लिहायचा. नव्या संगणकाला ते पत्ते चौसष्ट बिटांत हवे होते. "म्हणून नव्या संगणकाच्या आत एक आभासी संगणक (सॉफ्टवेअरने तयार केलेला, जुन्यासारखाच वागणारा संगणक) उभा कर. दुभाष्याला त्याच्या ओळखीचं घर दे."

शुक्रवारी सकाळपासून कस्तुरी त्याच कामाला लागली. आजोबा शेजारी बसून प्रत्येक पायरी वहीत लिहीत होते. दुपारी आभासी संगणक सुरू झाला. जुनं सॉफ्टवेअर बसलं, ड्रायव्हर बसला. तिने फाइल उघडली.

"यंत्र जोडलेले नाही."

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते यंत्र तर भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तिने नाक पुसलं आणि पडद्याकडे रोखून पाहिलं. "आपल्याला नवीन पाणी तपासायचंच नाहीये. जुनी नोंद फक्त वाचायचीय. त्याला यंत्र कशाला लागतं?"

आजोबा ताडकन उठले. "सेटिंगमध्ये बघ! घरी बसून आकडे तपासता यावेत म्हणून आम्ही हे सॉफ्टवेअर यंत्राविना चालवायचो."

तो पर्याय तिथे होता. कस्तुरीने तो निवडला आणि पडद्यावर एक रेघ उमटली. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या बोडीच्या पाण्याची रेघ.

तिने त्या दिवसाच्या सगळ्या फाइलींमधले आकडे साध्या मजकुरात उतरवून घेतले आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. या वेळी ते मुकाट्याने उघडले, कारण साध्या मजकुराला कुठल्याच दुभाष्याची गरज नसते.

शनिवारी सुनावणीच्या दालनात गाव लोटलं होतं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी नंदिनी ताकसांडे यांनी विचारलं, "या रेघेचा अर्थ कोण सांगेल?"

आजोबांनी कस्तुरीकडे पाहिलं. ती उठली. आवाज खणखणीत निघाला.

"मॅडम, पाण्यात एक खास रसायन घातलं की विषारी क्रोमियममुळे जांभळट रंग येतो. हा रंग हिरवा प्रकाश शोषून घेतो. यंत्र पाण्यातून वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश सोडतं आणि कुठला किती शोषला गेला ते रेघेने दाखवतं. म्हणून विष असेल, तर हिरव्या प्रकाशाच्या जागी रेघ उंच चढते. ही या महिन्याची रेघ, इथे उंचवटा आहे. आणि ही २०२४ची. सपाट."

कारखान्याचे वकील उठले. "त्या दिवशी यंत्रच बिघडलेलं नसेल कशावरून?"

"कारण त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, आजोबांनी प्रमाण नमुनाही (ज्यात क्रोमियम किती आहे हे आधीच माहीत असतं असं पाणी) तपासला होता," कस्तुरीने दुसरी फाइल उघडली. "बघा, त्याचा उंचवटा बरोबर जागेवर आणि हवा तेवढाच आहे. यंत्राला विष ओळखता येत होतं. बोडीत ते नव्हतंच."

"एका मुलीने घरच्या घरी बदललेले आकडे..." वकील म्हणाले.

"मूळ फाइल प्रयोगशाळेत आहे. तिला आम्ही हातही लावलेला नाही," कस्तुरी म्हणाली. "प्रत्येक पायरी या वहीत लिहिलीय. तुम्ही स्वतः करून बघा. आकडे हेच येतील."

निंबाळकर सर मागच्या रांगेतून उभे राहिले. "मॅडम, मी काल संध्याकाळी प्रयोगशाळेत ही वही बघून ते करून पाहिलं. हेच आकडे येतात. फाइल निकामी आहे असं मी म्हणालो होतो. ती माझी चूक होती."

बोडी बुजवायचा प्रस्ताव रद्द झाला. कारखान्याचं सांडपाणी त्याच दिवशी थांबवण्यात आलं आणि बोडी स्वच्छ करायची जबाबदारी कारखान्यावर टाकली गेली. जिल्ह्यातल्या इतर तलावांच्या तीनशे अकरा जुन्या फाइली साध्या मजकुरात उतरवायचं काम प्रयोगशाळेने हाती घेतलं. रझियाबाई दर रविवारी सांगलीहून फोनवर तिथल्या लोकांना ते शिकवू लागल्या.

वर्षभराने कस्तुरीने बोडीचं पाणी स्वतः तपासलं. काचेच्या नळीत रंग अजून येत होता, पण गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ फिकट. तिने आकडे साध्या मजकुरात लिहिले. वर यंत्राचं नाव, तारीख आणि मोजायचं एकक घातलं, म्हणजे आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या मुलीला ते बघावेसे वाटले, तर तिला कुठलाही दुभाषा शोधावा लागू नये.