व्हायोलिनच्या दुकानातली लिंबं

माझ्या हातगाडीचं चाक व्हायोलिनच्या दुकानासमोरच्या गटाराच्या जाळीत अडकलं आणि गाडीवरची लिंबाची झाडं सगळी एका बाजूला कलली. एक कुंडी तर दारावरच जाऊन टेकली.

"अहो... अहो, काच!" आतून आवाज आला.

"तुमच्या काचेला काही होत नाही, माझ्या झाडाला होईल!" मी ओरडले.

दार उघडलं. गळ्यात मफलर आणि हातात व्हायोलिनची मान. नुसती मान, बाकीच्या व्हायोलिनचा पत्ता नाही! वाद्यं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला आमच्या भागात सगळे तारवाला म्हणतात, एवढं ठाऊक होतं. रोज त्या दारावरून गाडी ढकलत जायचे मी, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. देवालाच कंटाळा आला असावा माझ्या खाली घातलेल्या मानेचा. म्हणून स्वतः येऊन चाकात बसला, दुसरं काय!

"लिंबं कुठे निघाली? फिरायला?" त्यांनी कुंडी सरळ करत विचारलं.

"पळायला. थंडी मागे लागलीय."

खरंच लागली होती. पानगळ अजून अर्धी व्हायची होती आणि रेडिओवर सारखं सांगत होते की पहाटे पारा शून्याखाली जाणार, नळ गोठतील, झाडं सांभाळा. माझ्या रोपवाटिकेला वर नुसती जाळी. प्लॅस्टिकच्या भिंती मी दर वर्षी पानगळ संपता संपता लावते, पण यंदा थंडीला दम निघाला नाही. आणि ही काही विकायची रोपं नव्हती. बाबांनी वाढवलेली ही आईझाडं. यांच्याच काड्यांवर माझी वर्षभराची कलमं होतात. पानांतलं पाणी गोठलं की लिंबाचा खेळ आटोपला. बाबा गेल्यावर काका स्पष्टच बोलले होते, "पोरी, यंदा ही झाडं गेली तर जागा विकायची. मग हट्ट नाही."

काका वाईट नाहीत हो. त्यांच्या घरात मी पलंगाखाली जास्वंद आणि न्हाणीघरात मोगरा आधीच कोंबला होता. काकू म्हणाली, "आता मीच बाहेर कुंडीत जाऊन उभी राहते!" लिंबांना तेवढी जागा उरली नव्हती.

त्या उघड्या दारातून मात्र अशी मऊ ऊब येत होती... मी आत बघत राहिले.

"नाही," तारवाले म्हणाले.

"मी काही मागितलं का?"

"डोळ्यांनी मागताय. ओल म्हणजे माझी दुश्मन आहे. लाकूड फुगतं."

"बरोबर आहे." मी गाडीचा दांडा उचलला. चाक हललं नाही. पुन्हा उचलला... चाक ढिम्म.

त्यांनी एक सुस्कारा सोडला. मग वाकून सगळ्यांत मोठी कुंडी उचलली आणि आत नेली! "किती दिवस?" आतूनच विचारलं.

"थंडी जाईपर्यंत."

"थंडीशी बोलणं झालंय का तुमचं?"

"तुम्हीच बोला. तुम्हाला लगेच नाही म्हणता येतं."

ते हसले. हसताना त्यांच्या एकाच गालाला खळी पडते, हे मी तेव्हा पाहिलं. "एक सांगतो. मला झाडातलं काही कळत नाही. पाणीबिणी मी घालणार नाही."

"मी येईन ना... सकाळ-संध्याकाळ."

"असं?" त्यांनी मफलर उगाच सारखा केला. "मग हरकत नाही."

दुसऱ्या सकाळी गवत पांढरं पडलं होतं. पाऊल टाकलं की कुरकुर वाजायचं. बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. मी नाक लाल करून दुकानात शिरले, तर माझी लिंबं भिंतीला टेकून आरामात उभी, डोक्यावर व्हायोलिनं टांगलेली, जणू मैफलीला येऊन बसलीत.

"रात्री मी यांना थोडं ऐकवलं," ते म्हणाले. "या धाकट्याने मान हलवली."

"वाऱ्याने हलली असेल."

"दार बंद होतं."

"मग कंटाळून हलवली असेल."

"तुम्ही ऐकून सांगा की," असं म्हणून त्यांनी एकच सूर लांब ओढला. काय सांगू! नामस्मरणात कधी कधी मन आपोआप थांबतं ना, तसं झालं. मी पाण्याची झारी तिरकी धरून तशीच उभी. पाणी कुंडीतून वाहून माझ्या चपलेत आलं.

"कंटाळलात?" त्यांनी विचारलं.

"पाय गार पडले," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

थंडी वाढतच गेली. सगळ्यांत कडाक्याच्या सकाळी मी दार ढकललं तर आत रागाचा आवाज. शाळेत संगीत शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या.

"माझ्या व्हायोलिनची शिवण उघडली! हीटर असा लावतात का? कोरड्या हवेत लाकूड आकसतं, हे मी सांगायचं तुला?"

"चूक झाली, बाई. सरस लावून जोड चिकटवून देतो. संध्याकाळी न्या."

"आणि लाकूडच तडकलं असतं तर?"

ते खाली मान घालून उभे. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पण मला दिसलं. रोज दुकानाच्या मधोमध असणारा हीटर लिंबांपाशी ओढला होता आणि त्याचं बटण पार टोकाला फिरवलेलं.

बाई गेल्या. मी हीटरकडे बोट केलं. "माझ्या झाडांसाठी...?"

"खिडकीला आतून बर्फ धरला होता. पानांना हात लावला, तर गार. मला झाडातलं काय कळतं?"

"व्हायोलिनमधलं तर कळतं ना!"

"कळतं." सरसाचं भांडं ढवळत ते हळूच म्हणाले, "शिवण चिकटवता येते. झाड नाही चिकटवता येत."

मी तोंड फिरवलं. डोळ्यांचं काय करू, ते कळेना... मग हातांना काम दिलं. हीटर मधोमध ढकलला, बटण कमी केलं. कुंड्यांखाली पसरट थाळ्या ठेवून त्यांत खडे घातले, खड्यांच्या जरा खाली राहील एवढं पाणी ओतलं. रोपवाटिकेत हवा कोरडी पडली की आम्ही असंच करतो. पाणी हळूहळू हवेत जातं, मुळं कुजत नाहीत. पानांभोवती मी जुन्या चादरी गुंडाळल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भिंतीवरचा ओल मोजणारा काटा सरकत सरकत नेमका त्यांना हवा तिथे आला.

"ओल दुश्मन होती ना तुमची?" मी विचारलं.

"माणूस ओळखायला वेळ लागतो," ते काट्याकडे बघत म्हणाले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

काका दुकानात आले ते थंडी ओसरल्यावर. प्रत्येक झाडापाशी वाकून त्यांनी अंगठ्याच्या नखाने काडीची साल जराशी खरवडली. खाली ओलं हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडे. शेवटच्या झाडापाशी ते बराच वेळ वाकूनच राहिले. मी मनात देवाचा धावा करत होते.

"जिवंत आहे," ते म्हणाले. आणि डोळे पुसून वर, "धूळ फार तुमच्या दुकानात!" मग माझ्याकडे वळून, "जागा राहू दे तुझ्याकडे. पुन्हा नाही विषय काढणार."

मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

मग उरलं झाडं परत न्यायचं काम. लख्ख ऊन पडलं होतं, छपरावरचं हिम वितळून पागोळ्या गळत होत्या. तारवाले एकेक कुंडी स्वतः उचलून गाडीवर ठेवत होते, भराभर. शेवटची कुंडी निघाली तेव्हा मला राहवलं नाही.

"एखादं ठेवलं असतं. हवेला बरं."

"थाळीत पाणी ठेवीन ना मी."

"फारच घाई दिसते दुकान रिकामं करायची."

"आहे घाई." ते कुंडी धरून दारातच थांबले. पानांच्या आडून बोलू लागले. "एक जरी झाड ठेवलं ना, तर तुम्ही याल. पाणी घालाल, पानं बघाल, जाल. आणि मी जन्मभर विचार करत बसेन... ही माझ्यासाठी येते, की लिंबासाठी." त्यांनी कुंडी गाडीवर ठेवली. आता मध्ये पानं नव्हती. "म्हणून सगळी न्या. नंतर यावंसं वाटलं, तर... काही काम नसताना या. मी वाट बघतोय."

मी गाडीचा दांडा उचलला. गाडी ढकलत निघाले, मागे वळूनही पाहिलं नाही. वळले असते तर गाडी तिथेच राहिली असती.

एव्हाना लावलेल्या प्लॅस्टिकच्या भिंतींआड झाडं जागच्या जागी ठेवली. हात धुतले. वेणी सोडली, पुन्हा घातली. आणि ऊन उतरायच्या आत त्या दारात जाऊन उभी राहिले. हातात झारी नाही, पिशवी नाही, काही नाही. रिकाम्या हातांचं काय करावं तेच समजेना.

ते बाकावर बसून तार लावत होते. मला पाहिलं आणि तार सुटली.

"काय... काय काम काढलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

मी मान हलवली. मग बाकापाशी गेले.

"सरक ना जरा," मी म्हटलं. "बसू दे मला."