मेण न लावलेलं बॉनेट

पावसात माणसं डोक्यावर छत्री धरतात. त्यानं मोटारीचं बॉनेट धरलं होतं. लाल, रुंद, आणि इतकं जड की त्याची मान खांद्यांत रुतली होती.

मी हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर अडकले होते. हातात ब्रशांची पिशवी, समोर धो धो रस्ता. तो थांबला.

"येताय? दोघं मावतील."

"अनोळखी माणसाच्या बॉनेटखाली?"

"ओळखीच्या कुणाकडे आज बॉनेट आहे का?"

मी हसले आणि आत शिरले. चालता चालता सवयीनं कडेवर बोट फिरवलं आणि थबकलेच. पत्र्यावर फायबरचा जाड थर होता, आणि तो पत्र्याला घट्ट चिकटला होता.

"यावरून साचा काढत होतात?"

"हो. पण निघेचना."

"आधी मेण लावलं होतंत?"

तो जागच्या जागी उभा राहिला. माझा एक खांदा भिजायला लागला.

"मेण…? कुठं?"

साचा काढायच्या आधी मूळ वस्तूला मेणाचे चार-पाच हात द्यायचे, प्रत्येक हात चकचकीत पुसायचा, मगच वर फायबरचं कापड आणि ते घट्ट करणारं रेझिन. नाहीतर दोन्ही थर जन्मभराचे सोबती. हे मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं होतं, कारण आमचा कारखाना फायबरच्या होड्यांचा. बाबांचा आणि माझा.

"म्हणजे बॉनेट हलकं करायला निघालात आणि दुप्पट जड करून बसलात!"

"दीडपट," तो गंभीरपणे म्हणाला. "वजन केलंय."

मी त्याला बॉनेटसकट आमच्या कारखान्यात नेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर लोकांना वर पोचवतो," असं तो बाबांना सांगत होता, "फक्त माझी गाडी वर जात नाही." गाडी म्हणजे दोन दारांची बुटकी जुनी स्पोर्ट्स कार. डोंगररस्त्यावर दरवर्षी शर्यत व्हायची आणि तिच्यात घरी बांधलेल्या गाड्यांचा वेगळा गट असायचा. त्या गटाचा कप त्याला हवा होता. दोनदा तो दुसरा आला होता, दोन्ही वेळा थोडक्यात. मोठं इंजिन बसवायला नियमांची बंदी, तेव्हा वजन घटवणं एवढाच मार्ग उरला होता. मागची सीट गेली, गालिचा गेला, तळाचं डांबरी अस्तर त्यानं स्वतः खरवडून काढलं, खिडक्यांना काचेऐवजी प्लास्टिक लावलं. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं.

"ग्रॅमसाहेब, चहात साखर घालू? की गाडीला भार होईल?"

"अर्धा चमचा चालेल, काका. शर्यतीला अवकाश आहे."

चिकटलेला थर घासून काढला आणि मी अट घातली. साचा माझ्या पद्धतीनं, हातही माझा. तो फक्त मेण लावेल. संध्याकाळी होड्यांचं काम आटोपलं की तो यायचा, बाह्या दुमडायचा आणि डबा उघडायचा. सुरुवातीला भिंत रंगवल्यासारखा जोर लावायचा.

"हळू. गाडी आहे ती, लिफ्टचा दरवाजा नव्हे."

"असं?"

"अजून हळू."

"इतक्या हळू तर मी कुणालाच…" तो अडखळला. "म्हणजे, कुठलीच वस्तू पुसली नाही कधी."

मी रेझिनच्या डब्यात डोकं घातलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

एकदा फायबरचा धागा माझ्या केसांत अडकला. त्यानं चिमट्यानं अलगद काढला आणि उजेडात धरला.

"किती भरेल वजन?" मी विचारलं.

"नगण्य."

"मला नगण्य म्हणालात?"

"धाग्याला म्हणालो. तुमचं…" त्यानं चिमटा खाली ठेवला. "तुमचं मोजायला माझ्याकडे काटा नाही."

आधी बॉनेट झालं, मग दोन्ही दारं, मग डिकीचं झाकण. बॉनेटच्या पोटात मी होडीसारख्या बरगड्या घातल्या, पातळ पण ताठ. ते साच्यातून सुटलं तेव्हा मी एका हातानं उचलून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं. काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, उचललं, पुन्हा ठेवलं. मूळ पत्र्याच्या निम्म्याहून कमी! त्या संध्याकाळी मी कारखान्यात उगाचच मोठ्यांदा गात होते.

शर्यतीच्या सकाळी तपासणी होती. पांढऱ्या मिशांच्या तपासनीसांनी बॉनेटवर तळवा दाबला, बोटाच्या पेरानं ठोकलं, वाकून बरगड्या पाहिल्या.

"सुरेख. काम कुणाचं?"

"यांचं," त्यानं माझ्याकडे बोट केलं. "बॉनेट, दारं, डिकी, सगळं. मी फक्त मेण पुसलं."

तपासनीसांनी चष्मा काढला. "अहो, यंदापासून या गटात गाडी स्पर्धकानं किंवा त्याच्या घरच्यांनीच बांधलेली लागते. बाहेरचा हात चालत नाही. या घरच्याच ना?"

मागे रांग खोळंबली होती. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. खरं सांगायचं तर मी हलवायच्या बेतात होते.

"नाही," तो म्हणाला. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत, "…म्हणजे, अजून नाही."

रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. बाबांना एकाएकी गाडीच्या टायरमध्ये फार रस वाटू लागला.

"'अजून'साठी माझ्याकडे नियम नाही," तपासनीस मिशीत हसले. "खुल्या गटात घालतो."

खुला गट म्हणजे ट्रकमधून गाड्या आणणारे, मेकॅनिकांची फौज बाळगणारे लोक. कप गेला होता.

मी त्याला बाजूला ओढलं. "एवढीशी मान हलवायची होती!"

"माहीत आहे."

"मग?"

"जे खरं व्हावं असं वाटतं, ते आधी थाप म्हणून वापरायचं नव्हतं."

 तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला.

मी आणि बाबा तीव्र वळणावर उभे राहिलो. मला गाडी दिसत नव्हती, दिसत होती ती बॉनेटची पुढची कड. वाऱ्याच्या दाबानं हलकं बॉनेट आधी तिथंच फडफडतं. लाल गाडी भरधाव आली, वळली, वर गेली. कड तसूभर हलली नाही. बाबा म्हणाले, "होडी अशी कधी जमली नाही मला." बाबा माझ्या कामाबद्दल आजवर "बरंय" याच्यापुढे गेले नव्हते.

खुल्या गटात तो सातवा आला. घरी बांधलेल्या गाड्यांत जो पहिला आला, त्याच्यापेक्षा याची वेळ चांगली होती. हे भोंग्यावरून जाहीर झालं तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली. मग दोन स्पर्धक बाबांकडे बॉनेटची चौकशी करत आले. बाबांनी अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. "मालकीणबाईंना विचारा."

तो आला तेव्हा त्याचे केस घामानं चिकटले होते, हेल्मेट काखेत होतं.

"सातवा," तो म्हणाला.

"ऐकलं."

"सकाळचं ते… सगळ्यांदेखत बोलून गेलो. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"पुढच्या वर्षी कोणत्या गटात नाव भरणार?"

"खुल्यातच. तुमच्या हाताशिवाय मला गाडी बांधायची नाही."

"घरच्या गटात भर," मी म्हणाले.

'भर' म्हणाले, 'भरा' नव्हे. लिफ्टवाल्याच्या ते लक्षात यायला एक क्षण लागला. मग तो हेल्मेट बॉनेटवर ठेवायला वळला, थांबला, आणि ओरखडा पडू नये म्हणून वाकून ते जमिनीवर ठेवलं. आता त्याचे दोन्ही हात मोकळे होते.