ढगाआधी येणारा फोन

ही गोष्ट खरी आहे. वारलूमामा अजून जिवती तालुक्यातच राहतात. विषय काढला की उठून अंगणात जातात.

सप्टेंबर २००५. पोळा होऊन आठवडा झाला होता. डोंगरातला वीसेक घरांचा गुडा, म्हणजे पाडा. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

गावात तारेची वीज पोचली नव्हती. टेकडीवर सोलरच्या पाट्या, खाली ओढ्याकाठी गोबरगॅसवर चालणारं इंजिन. ढग आला की वरची वीज बंद पडायची. मग पाट्या सांभाळणारे मामा टेकडीवरून खाली फोन करायचे. फोन म्हणजे टेकडीवरच्या खोलीपासून खालच्या इंजिनखोलीपर्यंत ओढलेली साधी तार. खाली गुणाबाई गॅस सोडून इंजिन सुरू करायची. दवाखान्यातला लसींचा फ्रिज त्यावरच चालायचा.

आषाढात गुणाबाई तापानं गेली. काम तिच्या मुलीकडे, मयुरीकडे आलं.

त्या दुपारी कडक ऊन होतं...

फोन वाजला.

खालून वर कधीच फोन येत नसे.

"वारलूभाऊ, ढग येऊन राह्यला. गॅस सोडून राह्यली."

मामांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ.

खाली इंजिन धडधडू लागलं...

आणि पाट्यांवर सावली पडली.

असं तीन दिवस झालं. पोरीला आईचा आवाज आणि आईची नजर आली, म्हणून मामांनी तिचं कौतुक केलं.

मयुरी म्हणाली, "मी तं तिन्ही दिवस खोलीले कुलूप लावून जेवाले गेली होती. मले वाटलं, तुमच्यापाशी दुसरी किल्ली हाय, तुमीच इंजिन लावता."

किल्ली एकच होती. तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं टेकडीवर बसले. किल्ली मयुरीच्या मुठीत.

फोन वाजला. मामांनी उचलला.

"हा ढग लय दिवसाचा हाय, भाऊ. गॅस पुरणार नाई. लसी धाडून द्या."

आभाळ निळंशार होतं. तरी मामांनी लसी बर्फात घालून जीपनं गडचांदूरच्या दवाखान्यात पाठवल्या.

संध्याकाळी आभाळ भरलं. नऊ दिवस ऊन पडलं नाही. तिसऱ्या दिवशी गॅस संपला, गॅसनं वर उचलली जाणारी टाकी पार तळाला बसली.

पाचव्या दिवशी सकाळी पावसात आवाज आला...

इंजिन चालू होतं.

दोघं धावत गेले. दाराला कुलूप. आत धडधड.

मयुरीनं किल्ली कुलपाला लावली.

"मामा, उघडू काय?"

"नको."

आत इंजिन हळूहळू बंद पडलं.

त्यानंतर खालून फोन आला नाही. मयुरी वर्षभरानं लग्न होऊन ब्रह्मपुरीला गेली. त्या दिवसापासून ती मामांशी बोलत नाही.

मामा एवढंच म्हणतात, पोरीला उघडू द्यायला हवं होतं.