उजवा काठ

बाबांचं चित्र घेऊन मी फ्रेमवाल्याकडे गेले, ती मनात फ्रेम पक्की करूनच. त्याच्या दुकानाच्या दारातच ती टांगलेली असायची: गडद लाकडाची, नक्षीचा पसारा नसलेली. चित्रही साधंच होतं. हाताला कापरं भरायच्या आधी बाबांनी जलरंगात स्वतःची खोली रंगवली होती. समोर खिडकी, तिला मी शिवलेला पडदा, आणि अगदी उजव्या काठाला भिंतीलगत त्यांचा पलंग, निळ्या पांघरुणासकट.

फ्रेमवाल्याने चित्र फ्रेमवर धरून पाहिलं आणि मान हलवली. "चित्र लांब आहे, ताई. मापाची नवीन बनवून देतो, आठवडाभर थांबा."

"मला हीच हवी. भोवती तो जाड पांढरा पुठ्ठा लावता ना, त्याच्याखाली उजवा काठ घाला."

"पलंग झाकला जाईल."

"जाऊ दे. पलंग घरी आहेच की."

तो हसला नाही. "बुटासाठी पाय कापताय," एवढं पुटपुटून त्याने पुठ्ठा मापायला घेतला.

घरी येऊन मी फ्रेम बाबांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावली. त्यांनी चित्राच्या उजव्या काठाकडे बोट दाखवलं.

"मग मी कुठे झोपायचं?"

"बाबा, पलंग पुठ्ठ्याखाली आहे. पळून नाही गेला."

त्यांनी कूस बदलली. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या खोलीतला पडदा उजवीकडे ढिला दिसला. पडदे शिवण्यावरच माझं पोट चालतं, आणि मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. हा मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बेतून शिवला होता. आता उजव्या टोकाला दोन चुण्या जादा पडल्या होत्या. दांडी सरकली असेल म्हणून स्टुलावर चढले. दांडीचं टोक भिंतीत शिरलं होतं. गिलाव्याला साधी चीरसुद्धा नव्हती.

"भिंत फार गार लागते गं," बाबा म्हणाले.

"थोडे अलीकडे सरका."

"सरकलोय." ते पलंगाच्या अलीकडच्या कडेवर आले होते, आणि तरीही त्यांचा खांदा भिंतीला टेकलेला होता.

मी टेप आणली. खोली हातभर कमी भरली. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजली. मघापेक्षाही कमी भरली.

चादर नीट करायला पलीकडे हात घातला, तर पलंगाची पलीकडची कड हाताला लागेना. चादर सरळ भिंतीत गेली होती.

मी घाबरले. बाबांना उचलून बाहेर न्यावं म्हणून काखेत हात घातले.

"नको ओढूस. हात अडकलाय माझा."

मी धावत जाऊन फ्रेम उतरवली. मागचे खिळे पकडीने उपटले, काच बाजूला टाकली. पलंग पुन्हा उजेडात आला की सगळं जागेवर येईल, एवढंच डोक्यात होतं.

पुठ्ठा उचलला.

खाली कोरा कागद होता.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला निळा रंग लागला होता. बोट लावून पाहिलं. ओला होता.

"बाबा?"

मागे वळले. लख्ख दुपार. खिडकी, पडदा, आणि उजवीकडे सरळ, स्वच्छ भिंत. तिच्या पलीकडे काहीच नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि त्या बाजूला थेट खाली रस्ता आहे.

मी भिंतीला कान लावला.

"झालं का गं चित्र लावून?" बाबा म्हणाले, अगदी जवळून. "मग आता दिवा लाव. मला काही दिसत नाहीये."